आवाजाचा रकाना

सकाळी नऊ ते साडेदहा मी सात जणांना फोन करायचो. सातही जण एकटे राहणारे, सत्तरीच्या पुढचे. त्यांच्यापैकी कोणी पडलं, आजारी झालं किंवा गेलं, तर ते त्याच दिवशी कुणाला तरी कळावं, एवढंच ते काम. पगार नाही, फक्त चहा. मी स्वतः चौऱ्याहत्तरचा. माझ्याजवळ मुलगा-सून होते म्हणून मी यादीच्या अलीकडच्या बाजूला होतो, इतकाच फरक.

या कामाला मला सुनेने लावलं. बायको गेल्यानंतरचं पहिलं वर्ष मी मुलाच्या घरातल्या मागच्या खोलीत वाचत काढलं. काय वाचलं ते विचारू नका. डोळे ओळींवरून फिरायचे आणि हात पान उलटायचा. दुःख होत होतं असंही नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, आपलाच पण आपला नाही, तसं सगळं होतं. जेवायची वेळ झाली की सून दारावर दोनदा टकटक करायची. मी आतून एकदा करायचो, म्हणजे ऐकलं, येतो. एके दिवशी तिने टकटक न करता दारच उघडलं.

“बाबा, असं बसून बसून अंगाला बुरशी येईल.”

“येऊ दे.”

“डोंबल येऊ दे! उद्या नऊ वाजता वाचनालयात जायचंय. मी तुमचं नाव देऊन आलेय.”

तिचं मराठी माझ्या बायकोकडून आलेलं आहे. सून या परक्या देशातल्या याच शहरातली. तिची भाषा वेगळी, देव वेगळा, रागवायची तऱ्हाही वेगळी. पण चार वर्षं दोघी एका ओट्याशी उभ्या राहिल्या, आणि बायकोने तिला जे शिकवलं ते पुस्तकातलं नव्हतं. त्यामुळे सुनेला ‘कृपया’ येत नाही, ‘डोंबल’ येतं. ‘क्षमा करा’ येत नाही, ‘कप्पाळ माझं’ येतं. कधी मागच्या खोलीतून ऐकताना वाटतं, बायकोच बोलतेय. मग वाटत नाही.

वाचनालयाच्या पाठीमागच्या खोलीत पाच टेबलं होती, पाच फोन. माझं टेबल कोपऱ्यात, बंद पडलेल्या झेरॉक्सच्या मशीनला लागून. आमच्या प्रमुख होत्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मी मनात त्यांना हेडबाई म्हणायचो. प्रत्येकाला त्यांनी एक वही दिली होती. वहीत रोजचे चार रकाने: फोन लागला, आवाज ऐकला, तब्येत, सही. पहिल्याच दिवशी त्यांनी दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

“घंटा वाजली म्हणजे मूल वर्गात आहे असं होत नाही. हजेरीला आवाज लागतो. आवाज ऐकल्याशिवाय इथे खूण करायची नाही.”

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरणार नाही. चाळीस वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितं तपासली. चूक दिसली की समासात खूण करायची, तोंडाने कुणाला काही बोलायचं नाही, असं माझं काम. ते मला मानवलं. इथली भाषा मला वाचता येते. बोलायचं म्हटलं की शब्द तोंडापर्यंत येतात आणि तिथे रांग लावून उभे राहतात.

तरी सहा जणांचं काही अडलं नाही. त्यांना बोलायचं असायचं, आणि मला गप्प बसायचं असायचं. गुडघ्यापासून शेजाऱ्याच्या मांजरापर्यंत सगळं ते सांगायचे, मी “हो, हो” म्हणायचो. अडायचं ते सातव्यापाशी.

सातवा सुतार होता. तोही परका, माझ्या देशाचा नव्हे आणि या देशाचाही नव्हे. मुलाच्या पाठोपाठ आला. मग मुलगा नोकरीसाठी सहा तासांवरच्या शहरात गेला आणि हा इथेच राहिला. इथली भाषा त्याला माझ्याइतकीच यायची.

“नमस्कार. कसे आहात?”

“ठीक. आपण?”

“ठीक.”

मग काही नाही. त्याचा श्वास मला ऐकू यायचा, माझा त्याला. दोघेही वाट पाहायचो की दुसरा तरी काही बोलेल. शेवटी एक जण “बरं” म्हणायचा, दुसरा घाईघाईने “बरं” म्हणायचा. एका मिनिटाचा मामला, पण रिसीव्हर ठेवल्यावर तळहात ओला असायचा.

दोनेक महिन्यांत प्रत्येकाला एकदा घरी जाऊन भेटायचं असा नियम होता. मी गेलो. तळमजल्यावर दोन खोल्या. एकीत पलंग, दुसरीत कामाचं बाक, भिंतीवर ओळीने लावलेले रंधे आणि पटाश्या, जमिनीवर लाकडाचा भुगा. त्याने मला एका स्टुलावर बसवलं, मग उठवलं, स्टूल उलटं करून दाखवलं. एकही खिळा नाही. मी वाकून पाहिलं. त्याला ते आवडलं असावं. मग त्याने खिशातला फोन काढून माझ्यापुढे धरला आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा गळा दाबून डोळे बाहेर काढले.

मला हसू आलं. म्हणजे नाकातून हवा गेली.

मिस्ड कॉलवर आम्ही नवरा-बायकोने चार वर्षं काढली होती. मुलगा वसतिगृहात होता तेव्हा दोन रिंग देऊन बंद करायचा, म्हणजे सुखरूप पोचलो. तेच मी सुताराला खुणांनी समजावलं. मी रिंग देईन. तू लाल बटण दाबून फोन कापायचा. कापलास, म्हणजे आहेस. त्याला एका फटक्यात कळलं. त्याने कपाळावरचा घाम पुसून झटकल्याचा आविर्भाव केला. माझाही जीव भांड्यात पडला.

राहिला दुसरा रकाना. पहिल्या दिवशी हात थोडा थांबला, मग मी खूण केली. दुसऱ्या दिवशी थांबला नाही. ज्याने चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका धरल्या, त्याने हे केलं. पण माणूस आहे हे तर मला कळत होतं. आवाजाने काय जास्त कळणार होतं, असं मी स्वतःला सांगायचो.

एकच अडचण होती. दोन सेकंदांत फोन ठेवला तर बाकीच्या टेबलांना कळलं असतं. म्हणून सुताराने कापल्यावरही मी रिसीव्हर कानाला धरून मिनिटभर बोलत राहायचो, मराठीत. ऐकणाऱ्यांना त्याची भाषा आणि माझी भाषा सारखीच परकी. सुरुवातीला पाढे म्हटले. बे एके बे, बे दुणे चार. सतरापर्यंत गेलो, पुढचे येईनात. मग काहीबाही बोलू लागलो, आज काय वाचलं, दाढ दुखतेय. एकदा सांगितलं की बायको गेली त्या सकाळी मी इस्पितळात नव्हतो, वाचनालयात पुस्तक परत करायला गेलो होतो, मुदत संपत होती म्हणून. हे मी मुलालाही सांगितलेलं नाही. त्याला वाटतं मी खाली चहा प्यायला गेलो होतो. मेलेल्या फोनला सांगताना काही वाटलं नाही. खूण केली, कपातला उरलेला चहा प्यायलो, घरी गेलो.

दर बुधवारी दुपारी मी सुताराकडे जाऊ लागलो. तो काम करायचा, मी बिनखिळ्याच्या स्टुलावर बसून वाचायचो. दोन तास, कधी तीन. निघताना तो अंगठा वर करायचा, मीही करायचो. दोन माणसांनी एका खोलीत बसून एकमेकांना त्रास न देणं, एवढीच ती मैत्री. तशी मैत्री मला आयुष्यात आणखी कुणी दिली नव्हती. बायको सोडून.

पाच महिने असे गेले.

मग एका सोमवारी दुपारी हेडबाईंचा घरी फोन आला. सुतार शनिवारी पहाटे न्हाणीघराच्या दारात पडला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. सोमवारी दहाला साफसफाईची बाई आली तेव्हा तो सापडला. दोन दिवसांहून जास्त जमिनीवर होता.

शनिवारी नऊ वाजता मी रिंग दिली होती, कापली गेली. रविवारी दिली, कापली गेली. सोमवारी दिली, कापली गेली. तिन्ही दिवस वहीत माझ्या अक्षरात: आवाज ऐकला, तब्येत ठीक.

“तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” हेडबाई म्हणाल्या. “तुमचं काम तुम्ही केलंत.”

मी “हो” म्हणालो. रिसीव्हर ठेवला आणि वाचायला बसलो. पान तेच होतं.

बुधवारी दुपारी मी पुस्तक घेऊन इस्पितळात गेलो. सुतार पलंगावर, पाय जाड पट्ट्यांनी बांधलेला, तोंड लहान झालेलं. मला पाहून त्याने अंगठा वर केला. मी खुर्ची ओढून वाचत बसलो. तासाभराने हेडबाई आल्या, मला बाहेर बोलावलं. त्यांनी माझी वही इस्पितळातल्या समाजसेविकेला दाखवली होती.

“तुमच्या वहीमुळेच खरं काय ते कळलं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “माणूस हाड मोडून जमिनीवर पडलाय, आणि तीन दिवस फोनवर ठीक आहे, ठीक आहे म्हणतोय. आपण पडलोय याचंच भान नाही. डोकं ठिकाणावर नाही हो त्यांचं. आता घरी एकटं सोडणार नाहीत. शहराबाहेर एक ठिकाण आहे, भ्रम झालेल्यांसाठी. दाराला बाहेरून कुलूप असतं, पण जेवणखाण चांगलं. उद्या मुलगा येतोय, त्याची सही झाली की झालं.”

“आणि बाक?” मी विचारलं.

“कसलं बाक?”

“त्यांची हत्यारं.”

“तिथे धारदार काही चालत नाही.” त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. “उद्या अकराला तुम्हीही या. तुम्ही शेवटचे त्यांच्याशी बोललेले.”

घरी आलो. सून ओट्याशी भांडी पुसत होती. मी दारात उभा राहिलो. खूप वेळ उभा असणार, कारण तिने हातातलं भांडं खाली ठेवलं.

“काय हवंय, बाबा?”

“सुताराचा आवाज मी ऐकला नव्हता.”

“म्हणजे?”

मी सांगितलं. लाल बटण, दुसरा रकाना, सगळं. पाढ्यांचंही. पुस्तकाच्या मुदतीचं तेवढं सांगितलं नाही. ती ओट्याला टेकून ऐकत होती.

“कप्पाळ माझं,” ती म्हणाली. “अहो, तो माणूस मेला असता!”

“हो.”

“हो काय?”

“हो म्हणजे, मेला असता.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं ती माझ्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते पाहत होती.

“उद्या हे सांगायला लागेल तुम्हाला. सगळ्यांसमोर.”

“मला जमणार नाही. मी लिहून देतो.”

“लिहून काय देताय? लिहूनच तर हे झालं!”

एवढ्यात मुलगा कामावरून आला. तिने त्याला इथल्या भाषेत भराभर सांगितलं. तो बूट हातात घेऊन ऐकत उभा राहिला. मग मला म्हणाला, “बाबा, सांगितलं नाहीत तर कुणाला कळणार नाही, हे तुम्हाला माहितेय ना?”

“माहितेय.”

“मग झालं तर. सांगा.” तो बूट ठेवायला गेला. तो असाच आहे, माझ्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सुनेने रजा काढली. इस्पितळातली ती खोली लहान होती, लांबट टेबल, पाण्याचा जग, कागदी रुमालांचा डबा. समाजसेविका, हेडबाई, सुताराचा मुलगा. मुलगा चाळिशीचा, रात्रभर प्रवास करून आलेला, शर्टाची कॉलर एका बाजूने मुडपलेली. टेबलाच्या टोकाला चाकाच्या खुर्चीत सुतार. कागद मुलापुढे ठेवलेला होता, कागदावर पेन.

समाजसेविका सावकाश बोलत होती, वाईट बाई नव्हती. “विचारलं तर उत्तर देत नाहीत. आणि हे पाहा, तीन दिवस फोनवर ठीक आहे म्हणाले.” तिने माझी वही उघडून त्याच्याकडे सरकवली. मुलाने पाहिलं. पेन उचललं.

मी उभा राहिलो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शब्द आले आणि रांगेत उभे राहिले. मी सुनेला म्हणालो, “तू सांग.”

“तुम्ही बोला आपल्या भाषेत,” ती म्हणाली. “मी मागून येते.”

“मी त्यांचा आवाज ऐकला नाही,” मी म्हणालो. सुनेने ते इथल्या भाषेत म्हटलं. “शनिवारी नाही. रविवारी नाही, सोमवारी नाही. त्याआधी पाच महिने नाही. फोन कापायचा असं आमचं ठरलं होतं. मीच ठरवलं. ते ठीक आहे म्हणाले नाहीत. ते मी लिहिलं.”

हेडबाईंनी वही आपल्याकडे ओढली आणि मागची पानं उलटू लागल्या. दीडशेच्या आसपास खुणा होत्या, सगळ्या एका उंचीच्या.

“पण तुम्ही तर बोलत असायचात,” त्या म्हणाल्या. “रोज ऐकलंय आम्ही. सगळ्यांनी ऐकलंय.”

“पाढे म्हणत होतो.”

सुनेने त्यांना सांगितलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

सुताराच्या मुलाने पेन खाली ठेवलं होतं. तो बापाकडे वळला आणि त्या दोघांच्या भाषेत काहीतरी विचारलं. सुतार बोलू लागला. मी त्याचं एवढं बोलणं कधी ऐकलं नव्हतं. त्याचा आवाज माझ्या समजुतीपेक्षा जाड होता. बोलताना अंगठ्याने तो टेबलाची कड चाचपत होता, जोड कसा आहे ते पाहत असावा.

मुलगा आम्हाला सांगू लागला. “ते म्हणतात, ठरलं होतं तसं केलं. यांनी विचारलं, आहेस का? मी सांगितलं, आहे.”

“पण मदत का नाही मागितली?” समाजसेविका म्हणाली.

“चष्मा लांब उडाला होता, आकडे दिसत नव्हते. लाल आणि हिरवं बटण तेवढं अंगठ्याला ठाऊक होतं.”

“मग हिरवं दाबायचं!”

मुलाने विचारलं. सुताराने खांदे उडवले आणि थोडक्यात काही म्हटलं. मुलगा आमच्याकडे वळला.

“ते म्हणतात, हिरवं दाबलं असतं तर बोलावं लागलं असतं.”

समाजसेविकेने हेडबाईंकडे पाहिलं. त्या खोलीत ते वाक्य मला कळलं, आणखी कुणाला कळलं असेल असं वाटत नाही.

“आणि म्हणतात,” मुलगा पुढे म्हणाला, “बुधवारी हे येणारच होते.”

शनिवार ते बुधवार. त्याने जमिनीवर पडून पाच दिवसांचा हिशेब केला होता. तहान, हाड, सगळं धरून. पाण्याचा जग माझ्यासमोर होता. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. काहीतरी वाटायला हवं होतं. गालातलं इंजेक्शन उतरताना मुंग्या येतात, तेवढंच कुठेतरी झालं, आणि राहिलं.

“याला भ्रम म्हणत नाहीत,” मुलगा समाजसेविकेला म्हणाला. “हट्ट म्हणतात. माझ्या जन्माआधीपासूनचा आहे.” त्याने कागद तिच्याकडे परत सरकवला.

बाहेर व्हरांड्यात हेडबाईंनी मला गाठलं. वही त्यांच्या छातीशी होती.

“यापुढे तुम्हाला यादी देता येणार नाही.”

“बरोबर आहे.”

“अक्षर फार चांगलं होतं हो तुमचं,” त्या म्हणाल्या, माणूस गेल्यावर म्हणतात तसं.

गाडीत सून रडली. सिग्नल हिरवा झाला तरी थांबली, मागचे भोंगे वाजवू लागले. मी तिला डब्यातला कागदी रुमाल दिला, इस्पितळातून कसा कोण जाणे माझ्या खिशात आला होता.

सुतार सहा आठवड्यांनी घरी आला. न्हाणीघरात दांडे बसवले, ते त्याने उखडून पुन्हा सरळ बसवले. मुलगा आता पंधरवड्याला येतो. सकाळी नऊला वाचनालयातून दुसरं कुणीतरी त्याला फोन करतं आणि आवाज ऐकतं. आमचा बुधवार चालू आहे.

मी माझ्या फोनवरून बारा वाजता करतो. पहिल्या दिवशी रिंग दिली, त्याने कापली. पुन्हा दिली, कापली. तिसऱ्यांदा दिली. बराच वेळ वाजली. मग श्वास ऐकू आला.

काय बोलावं ते मला सुचेना. “बे एके बे,” मी म्हणालो. “बे दुणे चार.” तो ऐकत होता. बे दाही वीसपर्यंत गेलो आणि थांबलो. मग तो त्याच्या भाषेत काहीतरी म्हणू लागला, त्याच चालीवर. पाढे असतील किंवा लाकडांची नावं.

त्यानंतर मी त्याला पुस्तकाचं सांगितलं. मराठीत, सगळं. मुदत शुक्रवारी संपत होती, दंड अगदी किरकोळ होता, मी परत आलो तेव्हा पलंगावरची चादर बदललेली होती. तो मध्ये बोलला नाही. माझं झाल्यावर तो बोलला, माझ्याइतकंच, कदाचित जास्त. मधे एकदा थांबला, खाकरला, पुन्हा बोलू लागला. मला एक शब्द कळला नाही. मी “हो” म्हणालो.

दारावर दोनदा टकटक झाली. मी उठून दार उघडलं. सून माझ्या कानाला लागलेल्या फोनकडे पाहत राहिली.

“कोणाशी बोलताय?”

“सुताराशी.”

“काय म्हणतायत?”

“माहीत नाही.”

“डोंबल. चला, पानं वाढलीयत.”

“बरं,” मी फोनमध्ये म्हणालो.

“बरं,” तो म्हणाला.

पण आधी कोणी ठेवायचा, हे आमचं ठरलेलं नव्हतं. त्याचा श्वास येत होता. मी थोडं थांबलो, मग फोन तसाच, चालू, शर्टाच्या खिशात टाकला आणि जेवायला गेलो.